न चमकणारी फरशी

२ फेब्रुवारी, सोमवार
कोरडी फरशी आज परत पुसली. अम्मा खाटेवरून बोट दाखवते. "तिथं पाणी सांडलंय नोडु, बघ. पूस आधी." पाणी नाहीच. हात फिरवून दाखवला. तरी पाय खाली टाकला नाही. सासूला खोटं पाडायला नको म्हणून पुसते. कोरड्यावर कोरडं फडकं.

संक्रांतीला पडली तेव्हापासून हे चाललंय. देवघरातून हॉलमध्ये येताना पाय सटकला. एक्स-रे काढला, हाड शाबूत. डॉक्टर म्हणतात चालवा. ही म्हणते बेडा, नको. बाथरूमपुरती माझा दंड धरून, भिंतीला खेटून जाते. हॉलमध्ये पाऊल नाही.

दुपारी वन्संचा फोन, एच. डी. कोट्याहून. "वहिनी, युगादीला येते. तवर अम्मा आपणहून चालली नाही तर मी तिला नेते. माझ्याकडं साधं सिमेंट आहे. तुमच्यासारखा आरसा नाही." मी "बघू" म्हटलं, फोन ठेवला आणि ब्लाउजची बाही उलटी जोडली.

३ फेब्रुवारी, मंगळवार
रा. शिवणाच्या दुकानातून आल्यावर त्यांना सांगितलं. (नाव तोंडाने कधी घेतलं नाही. वहीत घेते, तेही अर्धंच.) म्हणाले, "वत्सला म्हणते ते चूक काय? तिचीपण आईच की." बरोबर आहे. म्हणूनच जास्त राग आला.

मला अम्मा जायला नको आहे. इथे तरी स्पष्ट लिहिते. बार्शीहून लग्न होऊन आले तेव्हा कन्नडचा एक शब्द येत नव्हता. भाजीवाल्यापुढे ही माझ्या मागे उभी राहून कानात एकेक शब्द सांगायची आणि मी तो मोठ्याने म्हणायचे. भाजीवाल्याला सगळं ऐकू जायचं, ते वेगळं. पुढे मी ब्लाउज शिवायचे, ही शेजारी बसून हुक लावायची, तुरपाई करायची. एका ब्लाउजमागे दोघींची बडबड. पडल्यापासून सुई हातात घेतलेली नाही. तिचा हुकांचा डबा मीच उचलून कपाटात ठेवला. ती गेली तर सबंध दुपार या घरात मी आणि मशीन.

५ फेब्रुवारी, गुरुवार
सतरंजी टाकून झाली. ग्रॅनाइटवरून ती अम्माच्या आधी निघाली चालायला. रबरी ठिपक्यांचे मोजे आणले, अम्माने ते पायाला लावून काढून टाकले. पाय बांधून घातल्यासारखं वाटतं म्हणे. पडदे ओढले तर, "घरात कोण गेलं करून अंधार केलाय?" हात टेकले.

लेक रुक्कू आज हेब्बाळच्या ऑफिसला गेली नाही, घरून काम. अम्मा पाण्याचं परत बोलली तशी ही अज्जीच्या खाटेवर तिच्या शेजारी आडवी झाली आणि त्या कोनातून बघायला लागली. मग मला हाक मारली. "आई, इकडं ये. अज्जीसारखी झोप." झोपले. खिडकीचा उजेड काळ्या फरशीवर असा पसरलेला की खरंच थारोळं साचलंय. मला चांगल्या डोळ्यांनी दिसलं, तिला मोतीबिंदूच्या डोळ्यांनी काय दिसत असेल.

एवढे दिवस मी तिला हट्टी समजत होते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
फरशी बदलायची तर ग्रॅनाइट फोडावं लागणार. मामंजींनी हौसेने बसवलेलं. चामराजनगरला जाऊन दगड स्वतः निवडून आणला होता म्हणतात. कुणी आलं की चप्पल काढायच्या आधी फरशी दाखवायचे. ते गेले, फरशी राहिली. अम्मापुढे फोडायचा विषय कोण काढणार?

रुक्कूचं म्हणणं, फोडायचं नाहीच. विनायल प्लँक म्हणून निघालंय, लांब पट्ट्या, एकमेकींत अडकतात. आहे त्या फरशीवरच घालायच्या. सिमेंट नाही, धूळ नाही.

रा.: "म्हणजे प्लास्टिक."
रुक्कू: "अप्पा, तुमच्या सूटमध्ये पॉलिएस्टर असतं, ते चालतं?"
रा. नी ताकाचं भांडं पुढे ओढलं.

८ फेब्रुवारी, रविवार
बेळगोळच्या रस्त्यावर एका गोडाऊनमध्ये तिघं गेलो. अम्माजवळ शेजारच्या बाई बसल्या. शिसवी, सागवानी, राखाडी, सगळी लाकडाची चित्रं. रा. कापडाच्या दुकानात करतात तेच करायला लागले. चिमटीत धरून बघायचं, उजेडात न्यायचं, वास घ्यायचा. सेल्समन गोंधळला. मी चप्पल काढून उभी राहिले. गार लागलं नाही, ही पहिली गोष्ट. त्याने तुकड्यावर पाणी ओतलं. पाय घासून बघितला, सटकला नाही.

गडद रंग मी नको म्हटले, तो परत चमकणार. फिकट बदामी, बिनझिलईचा. तीन तुकडे घरी आणले.

अम्मा खाटेवर बसलेली. तुकडा तिच्या पायाशी ठेवला. अंगठा टेकवला, मग टाच. "ऊब आहे गं याला." एवढंच. पाय मात्र उचलला नाही.

११ फेब्रुवारी, बुधवार
अम्माने आज आपणहून विषय काढला. "ते खाली राहतं? यांनी घातलेलं?"
"राहतं, अम्मा. एक ओरखडा नाही. उद्या नको वाटलं तर पट्ट्या उचलायच्या, खाली तसंच."
"गोंद?"
"नाही. नुसतं अडकवायचं."
छताकडे बघत राहिली. "मग घाला की. झाकून ठेवल्यासारखं होतंय. चांगलं भांडं आपण झाकूनच ठेवतो, अल्वा?"

स्वयंपाकघरात येऊन रडले. कांदा चिरत नव्हते, तेव्हा सबब नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार
खोकी आली. उघडायची नाहीत, दोन दिवस हॉलमध्ये आडवी पडू द्यायची. घराच्या हवेची सवय व्हावी लागते म्हणे. रा. म्हणाले, "नव्या सुनेसारखं." माझ्याकडे बघत म्हणाले. मला काही दोन दिवसांत सवय झाली नव्हती, हे सांगितलं.

१७ फेब्रुवारी, मंगळवार
फिटर मंजू आणि त्याचा जोडीदार सकाळी आले. आधी अम्माची खोली, मग बोळ, मग हॉल. अम्मा स्वयंपाकघरात खुर्चीवर, कानात कापूस. खाली पातळ फोम, वर पट्टी, तिरकी धरून दाबली की टक. रबरी हातोडीने एक थाप. आमचं लग्नघर सजवताना याहून जास्त आवाज झाला असेल.

भिंतीपाशी भांडण. मंजू म्हणाला, कडेला बोटभर फट सोडायची, वर पट्टी लावून झाकतो. रा. दुकान अर्ध्यावर सोडून आलेले. "फट? माझ्या घरात? शिंप्याच्या घरी फिटिंग ढिलं दिसलं तर गिऱ्हाईक काय म्हणेल?" मंजू म्हणाला उन्हात फुगतं. रा. म्हणाले, नीट कापलं तर फुगत नाही. मंजूने एकदा माझ्याकडे बघितलं. मीही काही बोलले नाही, मलाही ते भिंतीला चिकटून बसलेलं छान दिसत होतं. "निम्मिष्ट, सार," म्हणाला, म्हणजे तुमची मर्जी, आणि कापलं तसंच.

फिटिंग मात्र असं बसलं की भिंत आणि फरशी एकाच कापडातून काढलेली. रा. दर पाच मिनिटांनी उठून कोपरा बघत होते. दाराची बुडं तासावी लागली, फरशी चढली ना.

१८ फेब्रुवारी, बुधवार
सकाळी अनवाणी उठले आणि अंग शहारलं नाही. इतकी वर्षं पाय टेकताच ग्रॅनाइटचा गारठा थेट गुडघ्यात जायचा. आवाजही मेला सगळा. मशीनचा दणका भिंतीतून जातो म्हणून शेजारच्या बाई तक्रार करायच्या, आज ओसरीवर भेटून विचारतात, "तब्येत बरी आहे ना? मशीन बंद होती का?"

अम्मा चालली नाही. दारापर्यंत माझा दंड धरून आली, हॉल बघितला, "चांगलं केलंय" म्हणाली, परत गेली. मी काय धरून बसले होते? फरशी घातली की उठून फुगडी घालेल?

२२ फेब्रुवारी, रविवार
दंड सोडला. मनगट धरते आता. देवघरापर्यंत गेली, मागे आली. पाण्याचं काही बोलली नाही. मी पण काढलं नाही.

रुक्कूच्या हातून सारू सांडलं, भांडंभर. तिघांची तोंडं पडली. फडकं फिरवलं, संपलं. डाग नाही. ग्रॅनाइटवर हळदीचा डाग अजून आहे, आता खाली असेल.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
सगळं मुसळ केरात.

दुपारी पश्चिमेच्या खिडकीपाशी फरशी वर आलेली. तव्यावर पोळी फुगते तशी. पाय ठेवला की खाली जाते, काढला की वर. चार दिवस ऊन कडक आहे, पडदा आम्ही उघडाच ठेवला होता. अम्मा माझ्या मनगटाला धरून पहिल्यांदाच हॉलमध्ये खिडकीपर्यंत आली होती. तिच्या पायाखाली ते हललं. किंचाळली नाही. नुसती माझ्या हाताला नखं रुतवून उभी राहिली. "जमीन हलतीये." परत खाटेवर. भिंतीकडे तोंड.

रा. ना फोन केला. आले, बघितलं, खाली बसले. मी म्हटलं, तुमचं फिटिंग. वाईट बोलले. मी तरी कुठे अडवलं होतं. पण आज दोष वाटून घ्यायची ताकद नव्हती.

संध्याकाळी वन्संचा फोन होता, घेतला नाही. उद्या एकादशी, भजन आमच्याकडे. मंडळी कुठे बसणार, वन्संना काय सांगणार.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार
मंजू सकाळीच आला. मला वाटलं आता सगळं उचलून फेकणार. तो भिंतीच्या कडेने एक चिंचोळी फीत कापत गेला आणि खिडकीजवळची फरशी आमच्या डोळ्यांदेखत खाली बसली. आपोआप. एक पट्टी बदलली नाही, एक तुकडा फुकट गेला नाही. बाकीच्या भिंतींनाही तेच केलं, फट झाकायला वर लाकडी पट्टी लावली. जेवायच्या वेळेच्या आत आटोपलं. जीव भांड्यात पडला म्हणतात तो असा.

मंजू "मी सांगितलं होतं" म्हणाला नाही. तो विषय रा. यांनीच काढला. "शिवणीच्या आत आपणही थोडं कापड माया म्हणून सोडतोच की. नाहीतर हात वर केला की बगल फाटायची. एवढं आयुष्य तेच केलं आणि घरात विसरलो." मग मंजूच्या शर्टाची कॉलर बघून म्हणाले, दुकानात ये, नीट करून देतो. मंजूला कॉलरमध्ये काही वाईट दिसत नव्हतं, पण हो म्हणाला.

संध्याकाळी भजनाला मंडळी आली. दरवर्षी म्हातारी माणसं गार फरशीला भिऊन घरून चटया आणायची, आज चटया गुंडाळलेल्याच राहिल्या. टाळांचा आवाजसुद्धा मऊ आला. पहिल्यासारखा घुमत नाही. एका काकांना ते आवडलं नाही. मला चाललं.

अम्मा खोलीतूनच ऐकत होती. दार उघडं ठेवायला सांगितलं.

३ मार्च, मंगळवार
चहाचे कप तसेच ठेवून आधी हे लिहिते.

दुपारी हुक लावत होते. सुई निसटली. ग्रॅनाइटवर सुई पडली की टिण्ण वाजायची, कुठल्या दिशेला गेली ते न बघता कळायचं. आज आवाजच नाही. आणि वर हे लाकडाचं चित्र, रेघांत रेघ, त्यात सुई कुठली दिसायला? गुडघ्यांवर बसून शोधतेय, पुटपुटतेय. रुक्कू अनवाणी फिरते, तिच्या पायात गेली तर.

आतून, "काय पडलं?"
"काही नाही, अम्मा."
"काही नाही कसं? सुम्ने, उगाच असं रांगत का आहेस? सूजी पाडलीस ना?"
"सापडेल."
"हात फिरवू नको! घुसेल! लोहचुंबक कुठंय? माझ्या हुकांच्या डब्यात. तो डबा कुठं घातलास? एक वस्तू जागेवर ठेवत नाहीत..."

आवाज जवळ येत होता. मी मान वर केली तेव्हा अम्मा हॉलच्या मध्यावर होती. हात कुणाच्याही हातात नाही. एक हात कमरेवर, दुसऱ्याने कपाटाकडे बोट. चेहरा रागाने लाल. तशीच कपाटापर्यंत गेली, डबा उघडला, दोरीला बांधलेलं चुंबक काढलं आणि फरशीवरून ओढत ओढत माझ्याकडे आली. खिडकीच्या उजेडातून आली. जिथे पाणी दिसायचं बरोबर तिथून.

मी मान खाली घालून शोधतच राहिले. बोलले असते तर आपण एकटी चालतोय हे तिला कळलं असतं.

सुई टेबलाच्या पायाशी सापडली. माझ्या तोंडापुढे धरली. "आवाज न होणारी फरशी घेतली, तर डोळे उघडे ठेवायचे." मग खुर्चीवर बसली आणि उरलेले हुक तिनेच लावले.

तिला कळलं की नाही, माहीत नाही. मी स्वयंपाकघरात जाऊन देवाला हात जोडले, मग चहा ठेवला. साखर घालायची विसरले. तिने तसाच प्यायला.

४ मार्च, बुधवार
रा. ना काल सांगितलं. "हूं" म्हणाले. आज दुकानातून दोनदा फोन, काम काहीच नाही. "काय करतेय?" "हुक लावतेय." "बसून?" "मग काय उभ्याने लावणार?" ठेवला. मग परत.

सगळ्यांना बजावलंय, तिच्यापुढे चालण्याचं कौतुक करायचं नाही. दृष्ट लागायला नको. रुक्कूला दृष्ट पटत नाही, पण गप्प बसतेय.

९ मार्च, सोमवार
या फरशीचे वाईट गुणही लिहिले पाहिजेत, नाहीतर माझी ही वही गोडाऊनवाल्याची जाहिरात होईल. सुया दिसत नाहीत. चुंबक आता हॉलमध्ये खिळ्याला टांगलंय. गरम इस्त्री खाली ठेवायची नाही, कडेला एक तपकिरी चंद्र उमटलाच, रा. चा प्रताप. मशीनच्या पायांखाली रबर घालावं लागलं. दुपारी पडदा ओढायचा. संपलं. बाकी केर पटकन निघतो, माझी सांधेदुखी कमी झाली, आणि अम्मा सकाळी देवघर, दुपारी हॉल, संध्याकाळी खिडकी असं फिरते. मी उठवायला जाते तर खाट रिकामी.

किती हलकं वाटतंय. मला वाटायचं थकवा वयाचा आहे. काळजीचा होता.

१५ मार्च, रविवार
वन्संना सांगितलं, अम्मा चालते. पलीकडे मिक्सर बंद झाला. मग, "खरंच? एकटी?" "एकटी." "बरं झालं गं." मग हळूच, "मी खोली रंगवून घेतली होती. पूर्वेची. अम्माला ऊन आवडतं करून."

आत्तापर्यंत मला वाटत होतं त्या माझ्यावर ताशेरे ओढतायत. त्यांना आई हवी होती.

१८ मार्च, बुधवार
उद्या युगादी. वन्सं सकाळच्या बसने आल्या. दारातच थांबल्या, कारण आतून अम्मा चालत येत होती. अम्माने मुद्दाम घाई केली, मला माहीत आहे. हॉलभर. वन्संनी पिशवी खाली टाकली आणि रडायला लागल्या, उभ्याउभ्या. "अगं रडतीस का? मी पडले का परत?"

जेवणानंतर वन्सं पायाने फरशी दाबून बघत होत्या. "वहिनी, ही सिमेंटवर बसते? माझ्या खोलीला किती लागेल?" सांगितलं. मंजूचा नंबर पण दिला. देताना जीव थोडा आवळला, पण दिला. खोटं का लिहू.

अम्माला विचारायची हिंमत दोघींपैकी कुणाला नव्हती. रा. नी विचारलं. "अम्मा, वत्सलाकडं जाशील चार दिवस? का इथंच?" अम्मा शेंगा निवडत होती. "बघते की," म्हणाली. कुणाकडेच बघितलं नाही.

संध्याकाळी वन्सं कडुनिंब आणायला निघाल्या. अम्मा मागून दारापर्यंत गेली. उंबरा आला. उंबऱ्यापलीकडे ओसरी आणि तीन पायऱ्या, तिथे आपलं जुनं ग्रॅनाइट, उन्हात चकचकीत. अम्मा थांबली. समोरून वन्संनी हात पुढे केला. मी मागे उभी होते. माझा पण हात उचलला गेला होता, मग मी तो पदरात घेतला.

अम्माने बराच वेळ त्या चकाकीकडे बघितलं. संक्रांतीपासून ती त्या उन्हात गेलेली नाही. मला वाटलं आता म्हणेल, पाणी सांडलंय, पूस.

वन्संचा हात धरला नाही. मागे वळून मला म्हणाली,
"माझ्या चपला कुठं घातल्यास?"